बदामभाभींचं संध्याकाळचं मौन

मीरा, निहार,

मागच्या रविवारी फोनवर मीरानं विचारलं, "आजी, मध्येच कॅमेऱ्यात डोकावणारी ती बदामआजी हल्ली का दिसत नाही?" तुमच्या आईनं लगेच विषय बदलला. मला असे बदललेले विषय आवडत नाहीत, पण त्या वेळी मात्र बरं वाटलं. आज सकाळची कामं आवरून लिहायला बसले आहे. क्रमानं लिहिते. क्रम सोडला की मी स्वतःला सोयीचं तेवढंच सांगेन, अशी मला भीती वाटते.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या आणि बदामभाभींच्या घराच्या मध्ये कमरेएवढी एक भिंत आहे, ती तुम्हाला आठवत असेल. निहार त्या भिंतीवर घोडा घोडा करायचा आणि भाभी पलीकडून त्याला चारोळ्या भरवायच्या. त्यांच्या पिढीतल्या मारवाडी जैन घरांत मुलींची नावं बदाम, गुलाब, पतासा अशी असत. नवऱ्याचं धान्याचं दुकान; त्यांना सगळी कॉलनी शेठजी म्हणते. मुलगा सून पुण्याला, मुलगी धुळ्याला. घरात दोघंच, पण त्या घरातून आवाज मात्र दहा माणसांचा यायचा. तो सगळा भाभींचा.

मी धुळ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन इथं राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी भाभी भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. किती मुलं, कुठं असतात, गुडघे दुखतात का, गहू कोणता घेता. मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. थोडं थांबून म्हणाल्या, "टीचरबाई, तुमी बोलायची फी घेता का?"

"नाही."

"मग एवढी काटकसर कशाला?"

शेठजींशी मारवाडी, माझ्याशी जपून मराठी, आणि असोद्याहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी अस्सल खानदेशी. "कसं शे गिलकं, कवळं शे का?" असं विचारत त्या एक एक गिलकं नखानं टोचून बघायच्या. ती बाई म्हणायची, "शेठाणी, टोचून टोचून चाळण करशी तू." भाभी तिला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत, आणि चहाबरोबर तिच्या सासूची, सुनेची, म्हशीची चौकशी. सूर्यास्तानंतर मात्र तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्याला चौविहार म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून तो त्यांनी कधी मोडला नव्हता. "दिवसभर तोंड चालतं तर रात्री त्याला सुटी पाहिजे ना," असं त्याचं कारण त्या सांगायच्या. म्हणून संध्याकाळी त्यांच्या तोंडून फक्त शब्द बाहेर पडायचे. मी पाच ते सहा वाचत बसते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती वेळ त्यांना बोलायला सोयीची वाटायची.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, पापडांच्या दिवशी, मी पहिल्यांदा काही तरी पाहिलं. दर चैत्रात त्यांच्या गच्चीवर आम्ही सातआठ जणी उडदाचे पापड लाटतो. पीठ नीट कुटलं गेलं की नाही, हे ठरवायचा मान भाभींचा. तेलात बुडवलेली लाटी तोंडात टाकायची, चावायची, आणि निकाल द्यायचा. निकालासाठी त्यांना दहाबारा लाट्या लागत. त्या वर्षी तिसऱ्या लाटीला त्यांचं चावणं मंदावलं. मग त्यांनी उजव्या हाताचा तळवा हनुवटीखाली धरला आणि जबडा हातानं वर ढकलून मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा ढकलला. कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी पदराआड तोंड करून त्यांनी लाटी हातात घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दाढ," त्या म्हणाल्या. "म्हातारपण दाढेपासून सुरू होतं, टीचरबाई. तुमचं कुठून झालं?"

सगळ्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक दाढ काढून घेतली. ती किडलेली नव्हती, असं दाताच्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, पण दुखते म्हटल्यावर तो तरी काय करणार.

मग पापणी. डावा डोळा संध्याकाळी अर्धा मिटलेला दिसायचा. एकदा त्या भिंतीशी आल्या आणि माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघून बोलू लागल्या. मी मागं वळून पाहिलं, कोणी नव्हतं. "मला दोन दोन दिसतं," त्या म्हणाल्या. "काल जेवताना दोन शेठजी समोर. एकाचंच आवरत नाही मला." डोळ्यांच्या डॉक्टरकडे सकाळी दहाला नंबर लागला. डोळा चांगला टक्क उघडा, सगळं एकेक. चष्मा बदलला. घरच्या डॉक्टरकडेही सकाळीच गेल्या. ताकदीची गोळी मिळाली आणि विश्रांती घ्या म्हणून सल्ला. सगळं सकाळी. कारण संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवण, मग स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, प्रतिक्रमण, दिवसभराच्या चुकांची उजळणी. दवाखान्याला त्या घरात सकाळचीच वेळ होती. आणि सकाळी भाभींना काहीही झालेलं नसायचं. सकाळी त्या माझ्याआधी उठून अंगण झाडून रांगोळी काढून भाजीवालीशी भांडून मोकळ्या असायच्या.

चातुर्मास लागला तेव्हा त्यांनी स्थानकात उभं राहून दोन नेम घेतले. एक, एकासणं, म्हणजे दिवसात एकदाच, एका बैठकीत जेवायचं. ते त्यांनी सकाळी अकराचं ठरवलं. दुसरा, दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मौन.

कॉलनीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेठजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "चाळीस वर्षं मागत होतो, आता देवानं दिलं." पण हे म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. ज्या बाईच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून सासूनं जन्मभर टोमणे मारले, तिच्या संयमाचं उदाहरण प्रवचनात दिलं गेलं. संध्याकाळी बायका त्यांच्या पाया पडायला येऊ लागल्या. भाभी ओट्यावरच्या झोक्यावर बसलेल्या असत, हनुवटी तळहातावर टेकवलेली, डोळे अर्धे मिटलेले. आलेल्या बायका आपसांत कुजबुजत, "चेहरा किती शांत झालाय बघ."

मलाही तसंच वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे. त्या महिन्यात पाच ते सहाच्या वेळात माझी तीन पुस्तकं वाचून झाली. एकदा मी भिंतीवरून त्यांना म्हटलंसुद्धा, "भाभी, तुम्हाला हे मौन शोभतं." त्या हसल्या. ओठांच्या कडा वर गेल्याच नाहीत. फक्त वरचा ओठ उचलला गेला आणि दात दिसले. कुत्रं गुरगुरताना दिसतात तसे. मी घरात आले, पुस्तक उघडलं, आणि त्या पानावरची एकही ओळ मला वाचता आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ लावून बघू लागले. मास्तरकीची सवय, दुसरं काही नाही. सकाळी सात: आवाज खणखणीत. अकरा: जेवायला बसल्या, अर्धी पोळी होईतो ठीक, मग हनुवटीला हात. एक ते दोन झोपून उठल्यावर पुन्हा ताज्या. साडेतीन: बोलणं नाकातून, जणू सर्दी झाली आहे. पाच: मान पुढं कललेली, केस बांधायला उचललेले हात मध्येच खाली. आठ दिवसांचा कागद माझ्यासमोर होता आणि आठही दिवस तेच. बाई दिवसाबरोबर मावळत होती आणि उजाडलं की उगवत होती. आणि घेतलेले दोन्ही नेम या उतरत्या उन्हाच्या मापानं शिवलेले होते. अकरानंतर चावावं लागू नये. चारनंतर बोलावं लागू नये.

धुळ्याला माझा एक जुना विद्यार्थी मेंदू आणि नसांचा डॉक्टर आहे. मी त्याला फोनवर कागद वाचून दाखवला. त्यानं वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. मग म्हणाला, "मॅडम, त्यांना उद्याच आणा. पण सकाळी नको. संध्याकाळी आणा, आणि दमवून आणा. वाटेत खूप बोलायला लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाभींना हे सांगितलं, तेव्हा त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही. "कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

"मग चला. घरी सांगते, मुलीकडे जाऊन येते. आणि टीचरबाई, तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवू नका. मला पाठ आहे."

तीन वाजता गाडी निघाली. "आज मौनाला सुटी," त्या म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. मीरा, मी आयुष्यात कोणाला बोला म्हणून आग्रह केला नाही, त्या दिवशी केला. एरंडोलपर्यंत त्यांनी मला हसवून हसवून बेजार केलं. त्यांना बघायला आले तेव्हा सासूनं विचारलं होतं, "मुलगी बोलते ना नीट?" तर वडील म्हणाले, "बोलते. थांबते का ते विचारा."

एरंडोल मागं पडलं आणि आवाज नाकात गेला. त्यांनाही ते कळलं, पण थांबल्या नाहीत. विषय मात्र बदलला. मोठ्या जाऊबाईंना अर्धांग झालं होतं, त्या सात वर्षं मागच्या खोलीत होत्या. भाभीच त्यांना चमच्यानं भरवत, कूस बदलत. "पहिल्या वर्षी बठ्ठे, घरचे-दारचे, बघायला यायचे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी सणाला. मग दाराला पडदा लावला, दुर्गंधी येते म्हणून. मग बाहेरच्यांना आमी सांगायचो की झोपल्यात. त्या जाग्या असायच्या, टीचरबाई. पडद्याकडे बघत असायच्या." शब्द एकमेकांना चिकटू लागले. "मला चालंल... मेलेलं चालंल. त्या खोलीत..." पारोळ्याच्या पुढं ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. जीभ हलत होती, आवाज येत नव्हता. त्यांनी हवेत हात आडवा नेऊन पडदा ओढल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या.

डॉक्टरनं त्यांना छताकडे एकटक बघायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या, त्यांनी कितीही ताणल्या तरी. मग त्यानं रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो डाव्या मिटल्या डोळ्यावर धरला. दोन मिनिटांनी काढला, तर तो डोळा पूर्ण उघडा होता. समोर आरसा धरला. भाभी बराच वेळ बघत राहिल्या. अर्धा तास स्वस्थ बसल्यावर आवाज परत आला, तेव्हा पहिलं वाक्य: "घरात फ्रिज होता, आणि मी चष्मा करून बसले."

मायस्थेनिया ग्रेव्हिस, असं त्या आजाराचं नाव. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून आपल्या माणसावर उठते. नस स्नायूला निरोप देते तो निरोप घ्यायची जागाच ती मोडते. सुरुवातीला निरोप पोचतो, वापर वाढला की पोचेनासा होतो, विश्रांती घेतली की पुन्हा थोडा पोचतो. "हे अर्धांग नाही," डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाला. "नीट सांभाळलं तर माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात. पण गिळायला त्रास झाला, पाणी नाकातून आलं, श्वास लागला, तर एक तासही थांबायचं नाही. उपास बंद. गोळ्या दिवसातून चार वेळा, शेवटची रात्री आठला. आणि पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन या, पुढचे उपचार ठरवायचे आहेत." निघताना त्यानं मला बाजूला घेऊन एक सोपी परीक्षा शिकवली. एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. विसाच्या बरेच आत थांबल्या तर थेट दवाखाना.

परतताना मी म्हटलं, "रात्रीच्या गोळीचं काय? चौविहार?"

"आजारपणात औषधाला सूट असते. नेम घेताना आमी ते म्हणतोच." मग पदर सावरत, "अडचण ती नाही."

"मग?"

"गोळी घेतली तर संध्याकाळी आवाज येईल."

"येऊ दे की," मी म्हटलं.

"येतात त्या बायका पाया पडायला. त्यांना काय सांगू, की हे तप नव्हतं, दुखणं होतं? शेठजी जिथं तिथं सांगतात. त्या घरात मला पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं, टीचरबाई. पर्युषणाच्या आठ दिवसांत सत्कार आहे. शेवटच्या दिवशीची संवत्सरी होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी स्वतः शेठजींना घेऊन धुळ्याला येते. अठरा दिवसांचा प्रश्न आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. गाडी थांबवून तिथूनच शेठजींना फोन करायला हवा होता. मी एक अट घातली: पाणी नाकातून आलं किंवा श्वास लागला तर मी त्याच क्षणी सांगणार. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं. मी जन्मभर मुलांकडून लेखी घेत आले आणि इथं तोंडी कबुलीवर समाधान मानलं.

सकाळची आणि अकराची गोळी त्या घेत होत्या. ती घेतल्यावर इतक्या बऱ्या दिसायच्या की मलाच वाटू लागलं, अठरा दिवस म्हणजे काय, निघून जातील. रोज सकाळी भिंतीशी मी त्यांना आकडे म्हणायला लावायचे. "टीचरबाई, आता पाढे पण विचारा," असं म्हणून त्या हसत हसत पंचवीसच्या पुढं जायच्या. मीही सकाळीच परीक्षा घेत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. एवढं सगळं कळूनही आलं नाही.

सत्काराला मी गेले होते. सकाळीच होता. त्यांना शाल दिली. त्या मंचावर सरळ मानेनं बसल्या होत्या, आणि शेठजी पहिल्या रांगेत फोटो काढत होते. त्यानंतर तीन दिवस त्या ओट्यावर आल्या नाहीत. स्वाध्याय चाललाय, असं शेठजी म्हणाले. नंतर कळलं की संध्याकाळी पाणी पिताना ते नाकातून यायचं, आणि ते कोणी बघू नये म्हणून त्या आतल्या खोलीत दार लावून पाणी प्यायच्या. मागची खोली होती ती.

संवत्सरी हा त्यांच्याकडचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दिवसभर कडक उपास, संध्याकाळी मोठं प्रतिक्रमण, आणि मग 'खमतखामणा' म्हणून प्रत्येकाकडे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. भाभी दरवर्षी प्रतिक्रमणाला जायच्या आधीच, पाचच्या सुमाराला, माझ्याकडे येत. "आधी शेजार, मग समाज," म्हणत. त्या दिवशी उपासामुळे एकही गोळी पोटात गेलेली नव्हती, हे मला माहीत होतं. मी दुपारपासून फाटकाशी फेऱ्या घालत होते. उद्याच धुळ्याला जायचंय, असं स्वतःला सांगत होते.

त्या आल्या. पांढरी साडी, फाटकाला धरून उभ्या. हात जोडायला वर घेतले ते छातीपर्यंतही आले नाहीत. तोंड उघडलं. "खम..." एवढाच आवाज, आणि तोही वाऱ्यासारखा. खांदे कानापर्यंत उचलले जात होते आणि छाती मात्र हलत नव्हती.

"भाभी, आकडे म्हणा."

ओठ हलले. चारापर्यंत ऐकू आलं.

मी भिंतीवरून शेठजींना हाक मारली. ते धावत आले, आणि फाटकातच मी त्यांना सगळं सांगितलं. धुळं, गोळ्या, मौन कशासाठी होतं ते. ते ऐकत होते आणि बायकोकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "औषधाला सूट असते हो टीचरबाई. एवढंच होतं?"

भाभींनी मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, ते मान इतकी खाली गेली होती की कळलं नाही.

ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात कॉलनीतल्या बायका स्थानकात जायला निघाल्या होत्या, त्या फाटकाशी थबकल्या. एकीनं सवयीनं वाकून भाभींच्या पायाला हात लावला. जळगावच्या दवाखान्यात त्यांना श्वासाचं यंत्र लावलं, माझा विद्यार्थी रोज फोनवर होता. नवव्या दिवशी छातीत जंतुसंसर्ग झाला आणि त्या गेल्या. त्या नऊ दिवसांत त्यांना बघायला मला एकदाही आत सोडलं नाही, म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळीच.

स्ट्रेचर गाडीत चढवताना त्यांचे डोळे पूर्ण मिटलेले होते. माणसं म्हणाली, शुद्ध गेली. गेली नव्हती. दार लावायच्या आधी उजवा हात हळूहळू, थांबत थांबत, चेहऱ्याकडे गेला. तर्जनीनं त्यांनी डाव्या डोळ्याची पापणी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली, दारात उभ्या असलेल्या एकेकाकडे बघत. शेठजींकडे, त्या बायकांकडे, मग माझ्याकडे. दुसरा हात छातीवर आडवा होता. त्याची बोटं त्यांनी सरळ केली, अंगठा छातीला लावला. पापणी सोडली असती तर मी दिसले नसते, म्हणून तो नमस्कार एकाच हाताचा होता.